डावी बाही

छातीवर 'तिमोन' असा बिल्ला लावलेला मुलगा विचारतो,
"आजी, तुम्ही काय शिवता?"
डावी बाही, मी म्हणते.
तो हसतो. त्याला थट्टा वाटते.

एकतीस वर्षं, बाळा.
इथंच वूचमध्ये, ट्राम वळते त्या गल्लीत,
चौथा मजला, खिडकीपासून तिसरं यंत्र.
उजवी बाही बोगुमिवाकडे. कॉलर पुढच्या रांगेत.
काजं करणाऱ्या बायका खालच्या मजल्यावर,
त्यांची तर तोंडओळखही नव्हती.
अख्खा शर्ट माझ्या हातून एकदाही झाला नाही.

ते यंत्र मला कुणी विचारून दिलं नव्हतं.
क्रमांक दोनशे चौदा, जमिनीला बोल्ट मारलेलं.
त्याच्या उंचीला मी मान वाकवली,
त्याच्या वेगाला श्वास लावला,
आणि कारखान्याला कुलूप लागलं त्या वर्षी
माझा गुडघा रात्री पांघरुणात
दट्ट्या उचलत राहिला.

आता तू विचारतोस, तुम्हाला कसं हवं?
तोंडाला कोरड पडते.

तो सगळ्यात महागड्यापासून सुरुवात करतो.
दोनशे टाके. पडद्यावर बोट ठेवलं
की बदकं येतात, एकामागून एक, पिलांसकट.
छान आहेत बदकं.
पण माझ्या घरात कुठल्या कापडाला ती हवी आहेत?

दुसरं इतकं हलकं
की टाके घालता घालता टेबलावरून निघालंच,
रुसून.

दुकानाची चिंधी पातळ, कडक, इस्त्रीची.
तिच्यावर कुठलंही यंत्र गुणी वाटतं,
पाहुण्यांपुढं कुठलंही पोर वाटतं तसं.
मी खिशातून माझं कापड काढलं:
मुलाच्या जुन्या जीनची शिवण, चार घड्यांची,
आणि अस्तराचा तुकडा, बोटांतून निसटणारा.
यावर चालव.
आणि ते गाणं जरा बंद कर.

मग डोळे मिटले.
यंत्र कानानं घ्यायचं असतं.
तिसरं कण्हलं.
चौथं दातओठ खात गेलं, पण मध्येच टाका सोडला.
पाचवं जाड शिवणीपाशी किंचित थांबलं,
अंधारात पायरी चाचपून पाय टाकावा तसं,
आणि पलीकडे गेलं.

पुन्हा, मी म्हटलं.
या वेळी टेबलाला कान लावून.
खाली इव्होना राहते, रात्रपाळीची नर्स,
दिवसा झोपते.

वजन सात किलो. डॉक्टर म्हणाले होते,
पाचाच्या वर उचलायचं नाही. लिफ्ट नाही आमच्याकडे.
असू दे. एकदाच चढवायचं,
मग खिडकीशीच राहील.
टाके सतरा. त्यातले दोन माझ्या ओळखीचे,
बाकीचे पंधरा राहतील
काचेच्या कपाटातल्या कपबश्यांसारखे.

मी स्वतः बसून बघितलं.
पाय पेडलवर ठेवला. गुडघा सवयीनं बाजूला गेला,
तिथं काहीच नव्हतं.
जरा वेळ तसाच राहिला, अवघडून,
मग परत आला.

तिमोननं खोका ट्रामपर्यंत आणून दिला.
आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखालून, नळांतून वाहतात.
खोका मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला,
वळणावर ट्राम डुलली तेव्हा
इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव पटलं.

शनिवारी शर्ट बेतला. माझ्याच मापाचा,
निळा, बारीक चौकड्यांचा.
पाठ, पुढे, खांदे. कॉलरला अख्खी दुपार गेली.
डावी बाही हातांनीच लावली,
मी नुसती बघत होते.
मग उजवी. टाचणीला टाचणी, सावकाश,
जिन्यावर इव्होनाची पावलं वाजेपर्यंत.

उलटून बघते
तर तीही डावीच.
बेततानाच हात आपल्या वळणावर गेला होता.

बोगुमिवाला फोन केला.
ती हसता हसता खोकायला लागली,
खोकता खोकता परत हसायला.
मग म्हणाली, उसवू नकोस, थांब, येते मी.
मला अजून
डावी जमत नाही.